अंतराचा हिशेब : टाइम-लॅप्ससाठी टायमर निवडताना

१९१२ सालच्या एप्रिल महिन्यात धुंडिराज गोविंद फाळके विलायतेत विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा खरेदी करून मुंबईस परतले, तेव्हा चित्रपट काढण्याचा त्यांचा निश्चय जितका पक्का होता तितकीच त्यांची गाठ रिकामी होती. आणि ज्यांच्याकडून द्रव्यसाहाय्याची अपेक्षा करावयाची त्या मंडळींना हलत्या चित्रांचे सामर्थ्य प्रत्यक्ष दाखविल्यावाचून त्यांची मूठ सैल होणार नाही, हेही ते पुरतेपणी जाणून होते. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, कुंडीसमोर कॅमेरा पक्का रोवला, आणि मातीतून कोंब वर येऊन त्याचे रोप होईपर्यंत ठरलेल्या अंतराने एकेक चौकट टिपण्याचा नेम कित्येक दिवस अखंड चालविला. त्या चौकटी पडद्यावर सलग धावू लागल्या तेव्हा, एरवी कोणाच्याही दृष्टीला न दिसणारे रोपट्याचे वाढणे पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत घडले. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या चिमुकल्या चित्रपटाने भांडवलाची वाट मोकळी केली, आणि पुढच्याच वर्षी, ३ मे १९१३ रोजी, मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला.

फाळक्यांच्या कॅमेऱ्याला हाताने फिरवावयाचा दांडा होता. वेळ राखणारे कोणतेही यंत्र त्याला जोडलेले नव्हते, आणि दोन चौकटींमधले अंतर सांभाळण्याची सर्व जबाबदारी माणसाच्या निष्ठेवर होती. त्यांच्याआधी, १९०० च्या सुमारास, जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठात विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने वनस्पतींच्या हालचाली याच तत्त्वाने चित्रित केल्या होत्या. आणि १९१० साली ‘द बर्थ ऑफ अ फ्लॉवर’ हा कळ्या उमलतानाचा चित्रपट सिद्ध करणाऱ्या पर्सी स्मिथ या इंग्रज छायाचित्रकाराने तर उत्तर लंडनमधील आपल्या राहत्या घरात अशी तजवीज केली होती की, रात्री-अपरात्री फिल्म बदलण्याची वेळ आली म्हणजे घंटा वाजावी आणि त्याने झोपेतून उठून कॅमेऱ्यापाशी हजर व्हावे. जी कामगिरी या थोर माणसांनी स्वतःच्या शरीराला कष्ट देऊन पार पाडली, ती आज तळहातावर मावणारे आणि टीव्हीच्या रिमोटमधल्यासारख्या दोन बारीक सेलांवर चालणारे एक उपकरण बजावीत असते. दुकानदार त्याला ‘टायमर रिमोट’ म्हणतात, छंदी मंडळी ‘इंटरव्हॅलोमीटर’ म्हणतात. ते निवडावे कसे, याविषयी नवशिक्या छायाचित्रकाराच्या मनात पुष्कळ गोंधळ असतो. तो दूर करण्याचा हा प्रयत्न आहे.

हा गोंधळ बहुधा निवडीचा आरंभच चुकीच्या टोकाकडून केल्यामुळे उत्पन्न होतो. ग्राहक प्रथम उपकरणांच्या सोयींची यादी वाचतो, ज्या यादीत अधिक कलमे ती वस्तू श्रेष्ठ असे मानतो, आणि मग घरी आणलेल्या वस्तूचे करावयाचे काय, याचा विचार करू लागतो. वस्तुतः टायमरचा सद्गुण एकच आहे, तो म्हणजे नियमितपणा. गढीवरचा पहारेकरी जसा वारा-पाऊस न पाहता ठरल्या वेळी तासाचे टोल देत राहतो, तसा या उपकरणाने ठरल्या अंतराने शटर उघडण्याचा हुकूम देत राहावा, इतकीच त्याच्याकडून अपेक्षा असते. मात्र ते अंतर कोणते, हे उपकरण सांगत नाही. ते चित्रित करावयाच्या घटनेने सांगावयाचे असते. म्हणून घटनेची गती आधी ओळखावी, आणि त्या गतीला जे पुरेल ते यंत्र मग निवडावे, हाच या बाबतीतला रास्त क्रम होय.

आधी गती, मग यंत्र

टाइम-लॅप्सचे मूळ तत्त्व अत्यंत सोपे आहे. चित्रपट पडद्यावर दाखविताना प्रत्येक सेकंदाला सामान्यतः २४, २५ किंवा ३० चौकटी डोळ्यांसमोरून जातात. त्या टिपताना मात्र दोन चौकटींमध्ये आपण काही सेकंदांचे, मिनिटांचे, प्रसंगी तासांचे अंतर ठेवतो, आणि त्यामुळे पाहणाऱ्याच्या दृष्टीने काळ तितक्या पटीने आकुंचन पावतो. सेकंदाला २५ चौकटींचा हिशेब धरला, तर २० सेकंदांच्या दृश्याला ५०० चौकटी लागतात. घटना जितके सेकंद चालणार असेल त्या संख्येला या ५०० ने भागले की दोन चौकटींमधले अंतर हाती येते. एवढा एक भागाकार ज्याने कागदावर करून ठेवला, त्याची निम्मी तयारी झाली असे खुशाल समजावे.

उदाहरणादाखल, पावसाळ्यात घाटमाथ्यावरून दरीत उतरणारे ढग घ्या. ते इतके चपळ असतात की दोन चौकटींमध्ये ३० सेकंद गेले तर मधल्या काळात सबंध ढग चौकटीबाहेर निघून जातो, आणि पडद्यावर ओघाऐवजी नुसती उलथापालथ दिसते. त्यांना २ सेकंदांचे अंतर योग्य, आणि त्या अंतराने अवघ्या २० मिनिटांत ६०० चौकटी, म्हणजे २४ सेकंदांचे दृश्य मिळते. मोकळ्या आकाशातील संथ ढगांना ५ ते १० सेकंद पुरतात. भिंतीवरून सरकणाऱ्या सावलीला २० ते ३० सेकंद चालतात. रोप वाढताना टिपावयाचे तर अंतर मिनिटांत मोजावे लागते, आणि इमारतीचे बांधकाम पायापासून कळसापर्यंत दाखवावयाचे असेल तर महिनोन् महिने दर पाव तासाला किंवा तासाला एक चौकट पुरेशी होते.

या हिशेबात शंका उरलीच, तर अंतर कमी ठेवण्याकडे कौल द्यावा. जादा टिपलेल्या चौकटी मागाहून एकाआड एक गाळता येतात, परंतु न टिपलेली चौकट कोणत्याही उपायाने परत आणता येत नाही. तथापि हा नियमही तारतम्याने पाळावयाचा आहे. कारण प्रत्येक चौकट मेमरी कार्डावर जागा अडविते, बॅटरीतून शक्ती घेते आणि शटर यांत्रिक असेल तर त्याच्या ठरावीक आयुष्यातून एकेक उघडझाप वजा करते. पुष्कळशा मध्यम दर्जाच्या कॅमेऱ्यांचे शटर एक लाखाच्या आसपास चौकटी टिकावे अशा बेताने बनविलेले असते; जिथे ५०० चौकटी पुरतात तिथे ७,००० टिपणे ही निव्वळ उधळपट्टी होय.

ताऱ्यांचे चित्रण हा या गणितातला निराळा अध्याय आहे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे शटर फार काळ उघडे राहिल्यास तारा बिंदूऐवजी रेघ होऊन उमटतो. पूर्ण आकाराच्या सेन्सरसाठी छायाचित्रकार एक ढोबळ नियम वापरतात: ५०० या संख्येला भिंगाच्या नाभीय अंतराने भागावे, आणि येईल तितके सेकंद शटर उघडे ठेवावे. २० मिलिमीटरच्या भिंगाला या हिशेबाने २५ सेकंद मिळतात. म्हणजे दोन चौकटींमधले अंतर २५ सेकंदांहून अधिक, सुमारे ३० सेकंद, असणे ओघानेच आले. आणि ३ तासांच्या रात्रीतून ३६० चौकटी, म्हणजे साडेचौदा सेकंदांहून थोडे कमी दृश्य पदरात पडते.

टायमर नेमके काय करतो

आता उपकरणाकडे वळू. कॅमेऱ्याला लागणारा तारेचा टायमर उघडून पाहिला, तर त्याच्या केबलीत मूलतः तीनच वाहिन्या असतात: एक सामाईक, एक फोकसची आणि एक शटरची. फोकसची वाहिनी सामाईक वाहिनीला जोडली गेली की कॅमेरा समजतो, बटण अर्धे दाबले; शटरची वाहिनी जोडली गेली की समजतो, बटण पूर्ण दाबले. टायमर कॅमेऱ्याला कोणतीही शक्ती पुरवीत नाही, कोणताही गहन संदेश पाठवीत नाही. आपले बोट जे करते तेवढेच तो घड्याळाबरहुकूम करीत असतो. ही गोष्ट ध्यानात आली म्हणजे स्वस्त आणि महाग टायमरमधला पुष्कळसा फरक आपोआप उलगडतो. मूळ कंपनीच्या टायमरच्या किमतीचा लहानसा अंश देऊन मिळणारे इतर उत्पादकांचे टायमर हेच काम, बहुतांशी तितक्याच नेमकेपणाने, करू शकतात.

खरा भेद आहे तो पिनेचा. कॅननच्या थोरल्या वर्गातील कॅमेऱ्यांना एन३ नावाची तीन काट्यांची पिन लागते, तर धाकट्या वर्गातील बहुतेकांना हेडफोनच्या पिनेसारखी, पण तिच्याहून बारीक, अडीच मिलिमीटरची पिन चालते. निकॉनच्या व्यावसायिक वर्गाला गोल दहा काट्यांची पिन आहे, आणि डी९०, डी७५० किंवा झेड६ यांसारख्या कॅमेऱ्यांना डीसी२ नावाची वेगळीच चपटी पिन आहे. सोनीची तऱ्हा त्याहून निराळी. काही अलीकडच्या लहान कॅमेऱ्यांना तर तारेच्या रिमोटसाठी खाचच ठेवलेली नाही. तेव्हा दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी आपल्या कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत रिमोटच्या खाचेचे नाव शोधून ते टिपून न्यावे. ‘कॅननचा द्या’ किंवा ‘निकॉनचा द्या’ एवढ्या मागणीने योग्य वस्तू हाती पडेलच अशी शाश्वती नाही. शक्य असेल तर ज्याची केबल टायमरपासून सुटी करता येते असा नमुना घ्यावा. पुढे कॅमेरा बदलला तरी नवी केबल तेवढी घेऊन जुना टायमर चालू राहतो, आणि केबल हा या उपकरणाचा सर्वांत लवकर झिजणारा भाग असल्यामुळे ती सोय आणखी एका दृष्टीने उपकारक ठरते.

टायमरच्या छोट्या पडद्यावर सामान्यतः चार नोंदी असतात. ‘डिले’ म्हणजे पहिली चौकट किती वेळाने टिपावयाची. ‘लाँग’ म्हणजे शटर किती वेळ उघडे ठेवावयाचे. ‘इंटरव्हल’ म्हणजे दोन चौकटींमधले अंतर. आणि ‘एन’ म्हणजे एकूण चौकटींची संख्या. यांपैकी ‘लाँग’ या नोंदीने नवशिके सर्वाधिक फसतात. बहुतेक कॅमेरे स्वतःच ३० सेकंदांपर्यंत शटर उघडे ठेवू शकतात, म्हणून तेवढ्या मुदतीपर्यंत शटरचा वेग कॅमेऱ्यावरच मुक्रर करावा आणि टायमरने फक्त आरंभाचा इशारा द्यावा, हे उत्तम. कॅमेरा ‘बल्ब’वर, म्हणजे बटण दाबलेले असेपर्यंत शटर उघडे राहील अशा स्थितीत, ठेवून ‘लाँग’चा आश्रय घेण्याची गरज ३० सेकंदांच्या पुढे गेल्यावरच पडते. ‘एन’च्या बाबतीत पुष्कळ नमुन्यांची कमाल मर्यादा ३९९ असते, आणि त्यापुढे आडव्या रेघांचे चिन्ह येते, त्याचा अर्थ असा की, आपण थांबवीपर्यंत किंवा शक्ती संपेपर्यंत टायमर चालूच राहील. आपल्याला ४८० चौकटी हव्या असतील तर या चिन्हाची सोय आहे की नाही, हे खरेदीपूर्वी पाहून घ्यावे.

‘इंटरव्हल’च्या मोजणीत एक खोच आहे. काही टायमर हे अंतर एका चौकटीच्या आरंभापासून दुसरीच्या आरंभापर्यंत मोजतात, तर काही ‘लाँग’च्या मुदतीनंतर, म्हणजे पहिली चौकट पूर्ण झाल्यापासून, मोजणी सुरू करतात, आणि माहितीपत्रकात ही गोष्ट नेहमीच स्पष्ट लिहिलेली असते असे नाही. तिचा उलगडा घरी पाच मिनिटांत होतो. ‘लाँग’ १० सेकंद आणि ‘इंटरव्हल’ १५ सेकंद ठेवून चार-पाच चौकटी घ्याव्यात आणि प्रत्येक छायाचित्रासोबत कॅमेऱ्याने नोंदलेली वेळ पाहावी. दोन नोंदींत १५ सेकंदांचे अंतर आढळले तर मोजणी पहिल्या प्रकारची, २५ सेकंदांचे आढळले तर दुसऱ्या प्रकारची.

याच संदर्भात आणखी एक सावधगिरी. कॅमेऱ्यावर शटर २५ सेकंद उघडे आणि टायमरवर अंतरही २५ सेकंदच ठेवले, तर नवा हुकूम येतो तेव्हा कॅमेरा मागची चौकट आवरण्यात गुंतलेला असतो; तो हुकूम वाया जातो, आणि कॅमेरा थेट पुढच्या हुकुमाची वाट पाहतो. अशा रीतीने एक चौकट मिळते, एक गळते, आणि रात्रभर जागून मिळालेल्या दृश्याची लांबी निम्म्यावर येते. दीर्घ एक्स्पोजरमधील कण कमी करण्याची जी सोय कॅमेऱ्यात असते तिनेही हाच घात होतो; कारण ती प्रत्येक चौकटीनंतर तितक्याच मुदतीची एक काळी चौकट मनाशी घेत असते. टाइम-लॅप्सला बसण्यापूर्वी ती सोय न चुकता बंद करावी.

कॅमेऱ्यातला टायमर, फोन आणि बिनतारी साधने

वेगळा टायमर विकत घेण्याआधी आपल्या कॅमेऱ्याच्या पोटातच तो नाही ना, याची खातरजमा करणे हे सुज्ञपणाचे लक्षण होय. निकॉनने २००५ च्या डी२०० मध्ये ही सोय दिली होती. कॅननने २०१४ च्या ७डी मार्क २ मध्ये ती आणली. सोनीच्या ए७ ३ या कॅमेऱ्याला ती २०१९ मध्ये सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीबरोबर मिळाली. अलीकडच्या अनेक कॅमेऱ्यांच्या मेनूत ‘इंटरव्हल शूटिंग’ किंवा ‘इंटरव्हल टायमर’ या नावाने ती आढळते. अंतर्गत टायमरचा मोठा लाभ असा की, केबल नाही, वेगळे सेल नाहीत, आणि काही कॅमेऱ्यांत एका चौकटीपासून दुसरीपर्यंत उजेडातील फरक हळुवार करण्याची सोयही त्याच्याशी जोडलेली असते. परंतु याच मेनूत ‘टाइम-लॅप्स मूव्ही’ नावाची दुसरी एक सोय असते, आणि तिच्यात व पहिल्या सोयीत गल्लत होऊ देऊ नये. ही दुसरी सोय कॅमेऱ्यातच तयार चित्रफीत बनवून देते, आणि पुष्कळ कॅमेऱ्यांत मूळ चौकटी त्या ओघात राखल्या जात नाहीत. मागाहून रंग, उजेड किंवा वेग सुधारावयाचा म्हटले तर हाती काहीच उरत नाही. ज्याला आपल्या कामाचे कायमचे दफ्तर ठेवावयाचे आहे त्याने स्वतंत्र चौकटीच घ्याव्यात.

फोनमधील टाइम-लॅप्स हे प्रवासात आणि घाईच्या वेळी खरोखर उपयोगी साधन आहे. आयफोनमध्ये ते २०१४ साली आयओएस ८ बरोबर आले, आणि त्याची रचना अशी की, चित्रण जसजसे लांबते तसतसा फोन दोन चौकटींमधले अंतर आपणहून वाढवीत जातो, जेणेकरून अंती हाती येणारी चित्रफीत आटोपशीर राहावी. ही योजना चतुर आहे. पण अंतराचा निर्णय तिच्यात आपल्या हातून निघून जातो, आणि ज्या कलेचा सारा प्राण अंतराच्या निवडीत आहे तिथे तो अधिकार सोडून देणे अभ्यासूला परवडत नाही.

बिनतारी टायमरमध्ये एक खंड हातात आणि दुसरा कॅमेऱ्यावर, अशी रचना असते. पक्ष्याच्या घरट्याजवळ किंवा जिथे कॅमेऱ्यापाशी वारंवार जाणे इष्ट नाही अशा ठिकाणी ती कामाची आहे. परंतु तिच्यात सेलांचे दोन संच असतात, त्यांपैकी एक संपला तरी काम तहकूब होते, आणि दोघांमधला दुवा कोणत्या क्षणी तुटेल याचा भरवसा देता येत नाही. तिवईवर स्थिर असलेल्या कॅमेऱ्याला तार जोडून ठेवण्यात काही अडचण नसते. म्हणून सामान्य छंदी माणसाला माझी शिफारस साध्या तारेच्या टायमरची आहे. फोनवरून ब्लूटूथने चालणारी आणि दिवस मावळून रात्र होईपर्यंतचा प्रकाशबदल सांभाळीत एक्स्पोजर क्रमाक्रमाने वाढवीत नेणारी प्रगत साधनेही मिळतात. सूर्यास्तापासून ताऱ्यांपर्यंतचे सलग दृश्य ही या क्षेत्रातली सर्वांत अवघड सिद्धी मानली जाते, आणि तिच्यासाठी अशा साधनाचा विचार जरूर करावा. पण तो दुसऱ्या टप्प्यावर, साध्या टायमरवर हात बसल्यानंतर.

ब्रह्मकमळाची एक रात्र

सर्व विवेचन एका उदाहरणावर घासून पाहू, आणि ते उदाहरण आपल्या गॅलरीतलेच घेऊ. मेक्सिको व मध्य अमेरिकेकडून आलेले, निवडुंगाच्या कुळातले जे झाड आपल्याकडे घरोघरी ब्रह्मकमळ म्हणून लावले जाते, त्याची कळी संध्याकाळनंतर उकलू लागते, मध्यरात्रीच्या सुमारास पूर्ण फुलते, आणि उजाडेपर्यंत मान टाकते. समजा, रात्री ८ ते १२ हा उमलण्याचा काळ धरला. म्हणजे ४ तास, अर्थात १४,४०० सेकंद. २० सेकंदांच्या दृश्याला ५०० चौकटी, म्हणून भागाकार २८.८ सेकंद येतो. तो ३० करू. एकूण ४८० चौकटी होतील, आणि दृश्य १९ सेकंदांहून किंचित अधिक. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या रॉ फायली प्रत्येकी २५ ते ३० एमबी धरल्या तर १२ ते १४ जीबी जागा लागेल. म्हणजे ३२ जीबीचे कार्ड निश्चिंतपणे पुरेल. ढगांसाठी ठीक असलेले २ सेकंदांचे अंतर इथे ठेवले असते, तर ७,२०० चौकटी झाल्या असत्या आणि फूल पडद्यावर जवळजवळ पाच मिनिटे उमलत राहिले असते.

आता या कामाला टायमरकडून काय हवे आहे? ३० सेकंदांचे अंतर कोणताही टायमर देतो. एक्स्पोजर ३० सेकंदांच्या आत असल्यामुळे ‘लाँग’ लागणार नाही. संख्या ३९९ हून अधिक असल्यामुळे अमर्याद संख्येची सोय हवी. अंधारात आकडे दिसावेत म्हणून पडद्याला दिवा हवा. चुकून बटण दाबले जाऊ नये म्हणून कुलपाचे बटण हवे. आणि दर चौकटीला होणारा ‘पिप’ आवाज बंद करता आला पाहिजे, नाहीतर घरातली मंडळी त्या रात्रीपुरती तरी या कलेची वैरी होतील. वस्तू स्वस्त असो वा महाग, या कामाला यापेक्षा अधिक तिच्याकडून काही लागत नाही.

बाकीची तयारी कॅमेऱ्याची आहे. टायमर फोकसची वाहिनीही जोडीत असल्यामुळे भिंग स्वयंचलित फोकसवर राहिले, तर प्रत्येक चौकटीआधी कॅमेरा अंधारात फोकस शोधत बसेल आणि तो न सापडल्यास चौकट टिपण्याचे नाकारील. म्हणून फोकस हाताने लावून तिथेच बांधून टाकावा. एक्स्पोजर आणि रंगांचा समतोलही हातानेच निश्चित करावा. प्रकाशासाठी एकच मंद दिवा जागचा न हलविता ठेवावा. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा असल्यामुळे पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळा सूक्ष्मपणे मंद-तेज होत असतात. शटरचा वेग फार जलद ठेवला तर एक चौकट उजळ आणि एक काळपट येऊन दृश्य लुकलुकते. मंद दिव्यात अर्ध्या सेकंदाच्या आसपास एक्स्पोजर ठेवले म्हणजे ही सारी चढउतार एकाच चौकटीत मिसळून जाते आणि प्रश्न मुळातच उद्भवत नाही. कळी उमलताना देठासह वर उचलली जाते, तेव्हा चौकटीत वरच्या बाजूला मोकळी जागा सोडावी. पंखा बंद ठेवावा. कुंडीला आणि तिवईला कोणाचा धक्का लागू देऊ नये. टायमर केबलीला लोंबकळत ठेवला तर तो वाऱ्याने हलतो आणि पिनेवर ताण आणतो, म्हणून तो तिवईच्या पायाला पट्टीने बांधावा. कॅमेऱ्याची झोपी जाण्याची मुदत ३० सेकंदांहून पुष्कळ अधिक ठेवावी, किंवा ती सोयच बंद करावी. निद्रिस्त कॅमेरा काही वेळा पहिल्या इशाऱ्याला नुसता जागा होतो, टिपत नाही. आणि बॅटरी पूर्ण भरलेली असावी, किंवा कॅमेऱ्याला मुभा असेल तर पॉवर बँकेतून वीज देत राहावे. म्हणजे मध्येच दिवे गेले तरी निदान कॅमेरा तरी थांबणार नाही.

खरेदीपूर्वी आणि खरेदीनंतर

दुकानात टायमर हाती घेतल्यावर पिन खाचेत घट्ट बसते की डळमळते, हे प्रथम पाहावे. बटणे ओल्या किंवा थंडीने बधिर झालेल्या बोटांना नीट दाबता येतात का, आकडे मोठे आणि स्वच्छ आहेत का, हेही पाहावे. मूळ कंपनीच्या काही टायमरना बटन सेल लागतो, जो आडगावी मिळणे कठीण; बारीक पेन्सिल सेल मात्र कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतो, आणि घाटात किंवा गडावर रात्र काढणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. पुष्कळ स्वस्त टायमरना पूर्ण बंद करण्याचे बटणच नसते. पडदा सतत जागा राहतो आणि कपाटात पडल्या पडल्या सेल हळूहळू रिकामे होतात. काम संपताच सेल काढून ठेवण्याचा शिरस्ता ठेवावा. ही उपकरणे पावसापासून सुरक्षित नसतात. पावसाळी मोहिमेवर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, पिशवीचे तोंड खाली ठेवून, ती बांधावीत.

आणि सर्वांत महत्त्वाचे, नवा टायमर महत्त्वाच्या प्रसंगी प्रथमच बाहेर काढू नये. घरी खिडकीतून रस्त्याकडे कॅमेरा लावून दोन-तीनशे चौकटी घ्याव्यात आणि त्यांच्या नोंदलेल्या वेळा ओळीने तपासाव्यात. एकही अंतर कमी-अधिक झाले नसेल तर तो टायमर विश्वासास पात्र ठरला. हे मी आग्रहाने सांगतो, कारण ज्या घटनांसाठी आपण हा खटाटोप करतो त्या बहुधा पुन्हा घडवून आणता येत नाहीत. ब्रह्मकमळाचे फूल एका रात्रीचे असते. सह्याद्रीत कारवी डोंगरच्या डोंगर व्यापून फुलते ती सात-आठ वर्षांतून एकदा. समोरच्या जागेवर उभी राहणारी इमारत दुसऱ्यांदा पायापासून बांधली जात नाही. खर्च किती करावा याचे मापही यातूनच मिळते. जी घटना उद्याही घडेल तिच्यासाठी कॅमेऱ्यातला टायमर किंवा फोनही भागवून नेईल. जी एकदाच घडणार तिच्यासाठी मात्र परीक्षा दिलेले साधन हवे, आणि शक्य असल्यास बरोबर दुसरी केबल व जादा सेलही हवेत. तेव्हा सोयींच्या लांबलचक यादीचा मोह आवरावा, आपल्या विषयाची गती नीट अभ्यासावी, खाचेत पक्का बसणारा साधा टायमर घेऊन त्याच्यावर हात बसवावा, आणि वाचलेले पैसे भक्कम तिवईवर व दुसऱ्या बॅटरीवर खर्च करावेत. त्यातूनच दृश्याला खरा लाभ होतो.